अंगावरून गेलेले वारे

कोणास अर्धांगाचा झटका आला की ‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणतो. या वाऱ्याचे मूळ मेंदूत आहे, हे योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने मृतांचे मेंदू तपासून 1658 साली दाखविले. पुढे निश्चित झाले की हा घाला दोन वाटांनी पडतो: रक्तवाहिनी फुटते, नाही तर गुठळीने तुंबते. रोग्याकडे नुसते पाहून या दोहोंचा निवाडा खात्रीने होत नाही. आणि गुठळी विरघळविणारे औषध फुटलेल्या वाहिनीत तर जिवावरच बेतते.

हा भेद जिवंत माणसात सहज दिसू लागण्यास 1971 साल उजाडावे लागले. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला लंडनमध्ये हौन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. गुठळीवरील औषधाचा गुण 1995 साली अमेरिकेत सिद्ध झाला, तो तीन तासांच्या आत दिले तर. 2008 च्या युरोपीय प्रयोगाने ही मुदत साडेचार तासांवर नेली. 2015 पासून मोठी गुठळी नळीने ओढून काढण्याचा मार्गही प्रशस्त झाला.

साडेचार तास! अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनचे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा; विस्तार 17,048 चौरस किलोमीटर. तथापि अकोल्याच्या डोंगरातून वा जामखेडच्या माळावरून निघालेल्या रोग्याचा वेळ रस्ता खातो त्याहून अधिक मुक्काम खातात, असे मला वाटते. ‘सकाळी पाहू’ हा पहिला मुक्काम. तेलाचे मालिश हा दुसरा. यंत्र नसलेला दवाखाना हा तिसरा. 2014 साली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली, गाडीची चिंता हलकी झाली. पण गाडी कोणत्या दारी न्यावयाची?

याच जामखेडास 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने खेड्यांतील स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे कार्य आरंभिले. तेव्हा वाकडे झालेले तोंड, लुळा पडलेला हात, जड झालेली जीभ, ही लक्षणे ओळखण्यास पदवी लागते असे कोणी म्हणू नये. सेविकेने ती ओळखावी, गाडी थेट यंत्र असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावी, तेथे चित्र पाहून औषध सुरू व्हावे, आणि गुठळी मोठी असल्यास पुण्यास आधी दूरध्वनी करून मगच रोगी हलवावा. सोबतच्या चिठ्ठीत रोगी शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ हवीच. झोपेत झटका आला असेल, तर रात्री निजल्याची. एवढी ओळ नसेल, तर सुसज्ज रुग्णालयातील डॉक्टरही सुई हाती घेण्यास कचरतात.