दांडीला बांधलेली लाठी

सायकलला लाठी कशी बांधायची हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही, अण्णांनी, माझ्या वडिलांनी शिकवलं. दोन जागी बांधायची, एक सीटखाली आणि एक हँडलच्या अलीकडे. पुढचं टोक हँडलच्या मागेच थांबलं पाहिजे, नाहीतर वळताना अडतं आणि भर रस्त्यात आडवा झालेला खाकीतला माणूस बघून अख्खा भायखळा हसतो. उरलेली लाठी मागं कॅरिअरवरून बाहेर. तिच्या टोकाला अण्णा लाल चिंधी बांधत, बांबू नेणारे हातगाडीवाले बांधतात तशी. साहेबांनी पाहिलं की सोडायची. साहेब गेले की पुन्हा बांधायची.

अण्णा 1948 साली मुंबई पोलिसात शिपाई म्हणून लागले, मी 1971 साली. दोघांच्या नोकरीची वर्षं मिळवली तर सत्तरच्या आसपास जातात. एवढ्या वर्षांत सरकारी सायकल आमच्या घरात कधी आली नाही. सायकल आमची, पंक्चर आमचं, दिव्यातलं तेलही आमचंच. काम मात्र सरकारचं. मुंबई पोलिसांचा इतिहास सांगायला बसलं की लोक घोडा काढतात, मोटार काढतात, बिनतारी काढतात, सायकल कुणी काढत नाही. याचं कारण मला इथंच दिसतं. घोड्याला चंदी लागते, नालबंद लागतो, तबेला लागतो. त्याची बिलं होतात, बिलांचं दप्तर होतं आणि दप्तरातून पुढं इतिहास होतो. शिपायाच्या खिशातून गेलेल्या पंक्चरच्या पैशांची पावती कोण ठेवणार?

निवृत्तीनंतर मी एडवर्ड्स साहेबांचं पुस्तक वाचलं, डिक्शनरी शेजारी ठेवून. एस. एम. एडवर्ड्स 1909 ते 1916 मुंबईचे पोलीस कमिशनर होते आणि शहराच्या पोलिसांचा इतिहास त्यांनी 1923 साली छापला. सुरुवात होते ती भंडाऱ्यांपासून. सतराव्या शतकात गव्हर्नर जेरल्ड आँजियरच्या काळात भंडाऱ्यांची पलटण बेटाच्या पहाऱ्यावर होती. लाठी तेव्हाही होतीच, फक्त ती हातात होती. मग 1857 च्या धामधुमीत वेष पालटून गल्लीबोळांत फिरणारा चार्ल्स फोर्जेट येतो. ताडदेवच्या रस्त्याला त्याचं नाव अजून आहे. मराठी, हिंदुस्तानी त्याला घरच्यासारखी येई. तो पायी फिरला म्हणून त्याला ऐकू आलं, असं माझं मत. 1864 साली फ्रँक साउटर पहिले पोलीस कमिशनर झाले. पुढं घोडेस्वारांचं पथकही होतं. रस्त्यावर मोटारी वाढल्या तसं ते 1932 साली मोडलं.

भायखळ्याला घोड्यांचं अप्रूप नव्हतंच म्हणा. महालक्ष्मीला रेसकोर्स झालं त्याआधी शर्यती इथंच व्हायच्या. साहेबांचा भायखळा क्लबही इथलाच. दारात घोडा असणारी ती माणसं. आमची माणसं रत्नागिरी-साताऱ्याहून आलेली, चालणारी. त्या दोघांच्या मधली जागा सायकलनं घेतली.

सायकल वापरणारे आम्हीच पहिले होतो असं नाही. न्यूयॉर्कमध्ये 1895 साली थिओडोर रूझवेल्ट पोलीस कमिशनर असताना त्यांनी सायकलवाल्या पोलिसांचं पथक काढलं. काम काय, तर बेफाम सायकल हाकणाऱ्यांना सायकलवरूनच गाठायचं. उधळलेले घोडेही ते धरत. पेडल मारत घोड्याला गाठायचं आणि चालत्या सायकलवरून लगाम पकडायचा. हे वाचून मी अर्धा तास नुसता बसून राहिलो. मला साधा पाकीटमार नेता आला नव्हता.

तो किस्सा सांगतोच. 1974 साल असेल. भायखळा स्टेशनबाहेर एकाला रंगेहाथ धरला. एका हातात त्याची कॉलर, दुसऱ्या हातात सायकल. कॅरिअरवर बसवून नेला असता, पण डबल सीटबद्दल त्याच आठवड्यात आम्ही चार पोरांची हवा सोडली होती. शेवटी तोच म्हणाला, "हवालदारसाहेब, सायकल मी धरतो, तुम्ही मला धरा." तसेच गेलो. मी नवा शिपाई होतो आणि हवालदार म्हणवून घ्यायला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

सायकलचं खरं काम समन्स आणि टपालाचं. माझगाव कोर्टातून समन्स घ्यायचे, घोडपदेव, मदनपुरा, आग्रीपाडा, सांकली स्ट्रीट असे फिरून बजावायचे आणि परत येऊन तामिलीचा शेरा मारायचा. अण्णांच्या वेळी तिथं प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट बसत. 1974 च्या एप्रिलपासून नवा फौजदारी कायदा आला आणि ते मेट्रोपोलिटन मॅजिस्ट्रेट झाले. नावं बदलली, जिने तेच राहिले. चाळीत चौथ्या मजल्यावर जायचं तर खाली सायकल कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा रोजचा प्रश्न. पानवाल्याच्या.

अण्णांच्या काळात आणखी एक वैरी होता, ट्रामचा रूळ. रुळाच्या खाचेत सायकलचं चाक बरोब्बर बसायचं. खड्या पारशाच्या पुतळ्याजवळ अण्णा असे दोनदा पडले. दुसऱ्यांदा गुडघा फुटला तेव्हा मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. रूळ तिरपा कापायचा, समांतर कधी जायचं नाही, हा धडा मला तिथल्या बाकावर मिळाला. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. शहर हळहळलं. आमच्या घरात आईनं देवापुढं साखर ठेवली.

रात्रीच्या गस्तीला सायकल मला पायापेक्षा आणि जीपपेक्षाही बरी वाटे. गस्तीची पुस्तकं ठरल्या जागी टांगलेली, तिथं वेळ टाकून सही करायची. भाजी मार्केटपाशी मध्यरात्रीनंतर ट्रक लागायचे आणि रस्ताभर कोबीचा पाला. त्यावरून चाक हमखास घसरतं. मग राणीच्या बागेच्या कुंपणाकडेनं जायचं. आतून एखादं जनावर ओरडायचं, कोणतं ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. साखळीचा आवाज तेवढा सोबतीला.

आणि लोक हाक मारत. जीपला कोण हाक मारतं? एकदा पहाटे घोडपदेवला एका म्हातारीनं थांबवलं. चार वाजता पाणी येतं, नळाची चावी एकीनं लपवली होती. मी उतरलो नाही. एक पाय फुटपाथच्या कडेला टेकवला, एक पेडलवर, लाठी तशीच बांधलेली. सायकलवर असं अर्धं थांबता येतं. पूर्ण उतरलो असतो तर ती केस झाली असती, दहा माणसं जमली असती. ऐकून घेतलं, चावीवालीला नुसती हाक मारली, तिनं पदराखालून चावी काढली. डायरीत काय लिहायचं होतं त्यात! तीन महिन्यांनी त्याच म्हातारीनं गल्लीत नवा आलेला एक माणूस कसा वाटतो ते मला आपणहून सांगितलं, आणि ते मात्र डायरीत गेलं.

गर्दीत सायकलचा काडीचा उपयोग नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. बंदोबस्ताला आम्ही ती दूर लावून येत असू. लालबागचा राजा विसर्जनाला निघतो तेव्हा भायखळ्यात अग्निशमन दलाचे बंब भोंगे वाजवून सलामी देतात, पुढं मिरवणूक क्लेअर रोडनं नागपाड्याकडं वळते. त्या वळणावर माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, सायकल कुठं उभी करणार? तिथं चालतो तो दोर. कार्यकर्त्यांनी धरलेला जाड दोर, आतून आम्ही. नंतर वाचलं की अमेरिकेत सिॲटलच्या पोलिसांनी 1987 साली डोंगरी सायकली घेतल्या आणि 1999 साली जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध मोठी निदर्शनं झाली तेव्हा त्याच सायकली रांगेत आडव्या धरून त्यांचं कुंपण केलं. डोकं चांगलं आहे. पण ते कुंपण माणसांना मागं रेटायला. आमच्या दोराला मागं रेटायचं नसतं, गर्दीबरोबर पुढं सरकायचं असतं, वीस-बावीस तास.

एकदाच सायकल कामी आली, गर्दीच्या उलट्या टोकाला. जानेवारी 1993 च्या दंगलीतला कर्फ्यू. नागपाडा, मदनपुरा, भायखळा, सगळीकडं शांतता, पण ती शांतता चांगली नव्हती. गाडीचा आवाज आला की खिडक्या फटाफट बंद होत. एका चौकीवर निरोप पोचवायला मी सायकल काढली. ती गल्ली दिवसभर बंद होती. साखळीचा आवाज ऐकून एक खिडकी बोटभर उघडली आणि आतून बाईनं विचारलं, "दूध कधी येणार?" दूधवालाच समजली होती बहुतेक. मी चौकीवर निरोपाबरोबर तेही सांगितलं. त्या दिवसांतलं बाकीचं मी लिहीत नाही.

ती सायकल अण्णांचीच, त्यांच्या निवृत्तीनंतर माझ्याकडं आलेली. 1995 साली चोरीला गेली, तीही पोलीस ठाण्याच्या दारातून. कोणत्या ते सांगत नाही, ठाणं अजून तिथंच आहे. ठाणे अंमलदार म्हणाले, तक्रार लिहू का? त्यांच्या मागं आवारात मुद्देमालाच्या सायकलींचा ढीग होता, एकमेकींत हँडलं अडकलेल्या, कागदी चिठ्ठ्या पावसानं कोऱ्या झालेल्या. पोलिसाची सायकल पोलीस ठाण्यातून गेली, हे कोणत्या तोंडानं लिहवू? नको म्हणालो. तरी पुढं वर्षभर कुठल्याही ठाण्यात गेलो की आधी तो ढीग चाळायचो.

आता भायखळ्याच्या डोक्यावरून पूल गेले. जे.जे.च्या पुलावर तर दुचाकीलाही बंदी आहे. 2020 च्या प्रजासत्ताक दिनाला घोडेस्वार पोलीस 88 वर्षांनी पुन्हा संचलनात दिसले आणि त्याच वर्षी वरळी सी फेसवर उभ्यानं चालवायच्या बॅटरीच्या दुचाक्या पोलिसांना मिळाल्या. दोन्हींचे फोटो छापून आले. 2022 साली रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून पोलिसांनीच लोकांना सायकली घेऊन बोलावलं. मी बघायला गेलो होतो. दिव्याशिवायची एकही सायकल कुणी अडवली नाही, सकाळच होती म्हणून.

परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी बीट मार्शलची मोटारसायकल थांबली. दोन पोरं, माझ्या नातवाएवढी. मी विचारलं, गाडी कुणाची? सरकारी. पेट्रोल? तेही सरकारी. मग मी अण्णांच्या सायकलची गोष्ट काढली. मागं बसलेला हसला, म्हणाला, "काका, नंबर आठवतो का? बघतो, सापडली तर." सीटखाली नळीवर ठोकलेला तो आकडा अण्णांनी लहानपणी माझ्याकडून घोकून घेतला होता. मी सांगितला. त्यानं खिशातून पेन काढलं, तेवढ्यात वॉकीटॉकीवर त्यांचा कॉल आला, आणि पुढच्यानं किक मारली.