'बँक' : एक शब्द की दोन?

भाषाविज्ञान शिकवताना फळ्यावर 'बँक' हा इंग्रजी शब्द किती वेळा लिहिला, याची गणती नाही. एक नदीची 'बँक', म्हणजे काठ, दुसरी पैशांची. उच्चार एक, लेखन एक, पण अर्थांचा परस्परांशी संबंध नाही. सबब हे दोन निराळे शब्द, योगायोगाने सारखे दिसणारे. अशांना समरूप म्हणायचे. एकाच शब्दाच्या अर्थाला फाटे फुटले असतील तर तो अनेकार्थी. विद्यार्थी हे उतरवून घेतात, परीक्षेत तेच उदाहरण लिहितात आणि गुण मिळवतात. पाठ्यपुस्तकांचेही ते लाडके उदाहरण आहे. परंतु शब्दाचा इतिहास पाहू लागले की ते हातातून निसटू लागते.

नदीकाठची 'बँक' इंग्रजीत आली ती १२०० च्या सुमारास, स्कँडिनेव्हियन वळणाच्या शब्दावरून. तिचा मूळ अर्थ जमिनीचा उंचवटा, बांध. समुद्रातल्या वाळूची 'बँक', आकाशातल्या ढगांची 'बँक' हे प्रयोग त्या उंचवट्याचेच. पैशांची 'बँक' मात्र बरीच फिरून आली. बसायच्या लांब फळीला जर्मानिक भाषांत जो शब्द होता तो इटलीत गेला आणि तिथे त्याची 'बांका', 'बांको' अशी रूपे झाली. इटालियन शहरांतले सराफ अशाच बाकावर वा मेजावर नाण्यांची अदलाबदल करीत. बाकाचे नाव धंद्याला लागले, धंद्याचे संस्थेला. व्हेनिसमध्ये १५८७ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक पेढीच्या नावात हा 'बांको' आहे. इंग्रजीत हा अर्थ पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोचला आणि १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड उभी राहिली. (आपल्या वर्गातला 'बाक'ही पोर्तुगीज 'बांको'वरून आलेला मानतात.) इंग्रजीचा जुना, घरचा 'बेंच' याच कुळातला. मेजवानीचा 'बँक्वेट'सुद्धा मुळात 'छोटा बाक'.

आता मुद्दा असा, की उंचवटा आणि बाक या दोन्ही अर्थांचा माग काढत व्युत्पत्तिकार एकाच प्राचीन जर्मानिक मुळाशी जातात. फळ्यावर आपण ज्यांना परके ठरवले ते दूरचे भाऊबंद निघाले. मग उदाहरण चुकले म्हणायचे का?

मला तसे वाटत नाही; पण आपण ते ज्या खात्रीने देतो ती चुकीची आहे. आज इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात काठ आणि तिजोरी यांची गाठ पडत नाही. त्याच्यापुरते ते दोन शब्दच आहेत. ऑक्सफर्डचा बृहत्कोशही त्यांच्या वेगळ्या नोंदी करतो, कारण ते इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आले. म्हणजे 'दोन' हे उत्तर बरोबर असू शकते, मात्र ते कोणत्या कसोटीवर बरोबर आहे हे सांगायला हवे: बोलणाऱ्याच्या जाणिवेच्या की शब्दाच्या वंशावळीच्या? आपण या दोन कसोट्यांची सरमिसळ करतो आणि 'योगायोग' हा शब्द सहज वापरून मोकळे होतो.

बैठकीवरून व्यवहाराला नाव पडणे ही काही युरोपची मिरास नाही. ग्रीकमध्ये मेजाला 'त्रापेझा' म्हणत; आधुनिक ग्रीकमध्ये बँकेला हाच शब्द आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात, लूकच्या शुभवर्तमानातील दाखल्यात, या 'त्रापेझा'चे भाषांतर 'बँक' असेच केले आहे. आपल्याकडे सावकाराची 'पेढी'. तिचे नाते संस्कृत 'पीठ', 'पीठिका' या आसनवाचक शब्दांशी लावतात. तीन भाषा, तिन्हींत लाकडाची एक फळी किंवा बसायची जागा, आणि तिच्यावर मांडलेला पैसा.

आणि 'पीठ' म्हटल्यावर मराठी वर्गाला लागणारे उदाहरण आपसूकच सापडते. विद्यापीठातले पीठ म्हणजे आसन. गिरणीतले पीठ 'पिष्ट' या शब्दावरून, म्हणजे दळलेले. इथे जाणीवही दोन शब्द सांगते आणि वंशावळही. यंदा फळ्यावर 'बँक'च्या आधी हे लिहिले. मागच्या बाकावरून लगेच विचारणा झाली, की मग विद्यापीठात नक्की काय दळतात? उत्तर देण्याआधी तास संपला.