आम्ल आणि धातू यांची अभिक्रिया

आम्ल आणि धातू यांची अभिक्रिया ही रसायनशास्त्रातील विस्थापन अभिक्रिया होय. पुरेसा अभिक्रियाशील धातू विरल आम्लातील हायड्रोजनची जागा घेतो; त्यातून त्या धातूचा क्षार तयार होतो व हायड्रोजन वायू मुक्त होतो. हेन्री कॅव्हेंडिश याने १७६६ मध्ये याच रीतीने मिळवलेल्या वायूचे गुणधर्म वर्णिले.

समीकरणे

जस्त + विरल सल्फ्युरिक आम्ल → झिंक सल्फेट + हायड्रोजन

लोह + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → फेरस क्लोराइड + हायड्रोजन

२ ॲल्युमिनिअम + ६ हायड्रोक्लोरिक आम्ल → २ ॲल्युमिनिअम क्लोराइड + ३ हायड्रोजन

आकडे रेणूंची (धातूंच्या बाबतीत अणूंची) संख्या दर्शवतात. दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू समान असले की समीकरण संतुलित होते. लोहापासून येथे फेरस क्षार मिळतो, फेरिक नव्हे.

अभिक्रियाशीलता श्रेणी

समीकरण कागदावर संतुलित झाले म्हणून अभिक्रिया घडतेच असे नाही. मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोह, कथिल व शिसे हे धातू श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहेत. तांबे, पारा, चांदी व सोने खाली आहेत. त्यामुळे तांबे विरल हायड्रोक्लोरिक आम्लातून हायड्रोजन मुक्त करीत नाही.

नायट्रिक आम्ल प्रबळ ऑक्सिडीकारक असल्याने तांब्याशी अभिक्रिया करते; मात्र हायड्रोजनऐवजी नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात:

तांबे + ४ संहत नायट्रिक आम्ल → कॉपर नायट्रेट + २ नायट्रोजन डायऑक्साइड + २ पाणी

कल्हई

तांबे आम्लातून हायड्रोजन मुक्त करीत नसले, तरी तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतात. याचे कारण हवेतील ऑक्सिजन होय. ताकातील लॅक्टिक आम्लाच्या बाबतीत ही अभिक्रिया अशी लिहिता येते:

२ तांबे + ऑक्सिजन + ४ लॅक्टिक आम्ल → २ कॉपर लॅक्टेट + २ पाणी

तांब्याचे हे विद्राव्य क्षार अधिक प्रमाणात पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. वऱ्हाडी स्वयंपाकातील अंबाडीची भाजी, कढी किंवा चिंचेचे सार यांसाठी अशी भांडी आतून कल्हई करूनच वापरणे इष्ट असते. कल्हई करताना भांडे तापवून त्यावर नवसागर (अमोनिअम क्लोराइड) टाकतात. उष्णतेने त्याचे अमोनिआ व हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते आणि धातूवरील ऑक्साइडचा थर निघतो:

कॉपर ऑक्साइड + २ हायड्रोजन क्लोराइड → कॉपर क्लोराइड + पाणी

स्वच्छ झालेल्या पृष्ठभागावर वितळलेले कथिल कापसाच्या बोळ्याने पसरवतात. कथिल श्रेणीत हायड्रोजनच्या वर असले, तरी अन्नातील सौम्य आम्लात ते अत्यंत मंद गतीने विरघळते. थर झिजून तांबे उघडे पडल्यास कल्हई पुन्हा करावी लागते.

दक्षता

हायड्रोजन ज्वलनशील असून हवेत मिसळल्यास त्याचा स्फोट होऊ शकतो. नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी वायू विषारी आहे. आम्ल विरल करताना ते सावकाश पाण्यात ओतावे. आम्लात पाणी ओतू नये.

हेसुद्धा पहा

अभिक्रियाशीलता श्रेणी, कल्हई, क्षार