तिसऱ्या पेडलच्या वाटेतले पाइप

लेगसी सिस्टीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बँकेतलं कोबोल येतं. माझ्या डोळ्यांसमोर हल्ली १९६७ ते १९७२ या काळातला शेवरोलेचा सी-१० पिकअप येतो. गेले काही वीकेंड मी त्याच्याच इतिहासात डोकं घालून बसलोय, आणि त्यातही एकाच भागात. तो भाग म्हणजे हेडर्स.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे इंजिनापासून शेपटापर्यंतच्या सगळ्या पाइपाला सरसकट सायलेन्सर म्हणायची पद्धत आहे. खरं तर सायलेन्सर म्हणजे फक्त आवाज गिळणारा डबा. त्याच्या बराच आधी, इंजिनाला चिकटून, बिडाचा एक जाडजूड भाग असतो. तो मॅनिफोल्ड. सगळ्या सिलिंडरांचा धूर तो गोळा करतो आणि एका पाइपात सोडतो. हा मॅनिफोल्ड काढायचा, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची पोलादी नळी द्यायची आणि त्या नळ्या पुढे कलेक्टरमध्ये एकत्र आणायच्या, याला म्हणतात हेडर्स बसवणं.

आता तुम्ही म्हणाल, धूर तर बाहेर जातोच आहे, मग एवढा खटाटोप कशाला?

शेवरोलेच्या प्रसिद्ध स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम आहे १-८-४-३-६-५-७-२. डाव्या बाजूला १, ३, ५, ७ आणि उजव्या बाजूला २, ४, ६, ८. नीट बघा, ५ आणि ७ पाठोपाठ पेटतात आणि दोघे एकाच बाजूला, शेजारी शेजारी. उजवीकडे ८ आणि ४ हेही पाठोपाठ पेटतात. म्हणजे ५ चा धूर अजून बाहेर पडतोय तोवर ७ चा दणका त्याच बोळात येऊन आदळतो. स्वतंत्र नळ्या दिल्या की ही धक्काबुक्की टळते.

दुसरी गंमत लाटांची. धुराचा प्रत्येक दणका ही दाबाची लाट असते. नळी जिथे एकदम रुंद होते तिथे ती पोचली, की कमी दाबाची लाट उलटी परत येते. ती नेमक्या क्षणी सिलिंडरपाशी आली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला जागा होते. पण नळीची लांबी ठरलेली आणि इंजिनाचा वेग सतत बदलता. त्यामुळे हा फायदा सगळ्या वेगांना सारखा मिळत नाही, एका पट्ट्यातच मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या नळ्यांचं माहेर म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असा व्ही-८ बाजारात आणला. ६५ हॉर्सपॉवरचा. त्यात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या पोटातून जायचे आणि मधल्या दोन सिलिंडरांत एकच तोंड, त्यामुळे इंजिन तापायचं फार. लॉस एंजेलिसच्या पलीकडे म्युरॉकसारखी कोरडी तळी आहेत, टेबलासारखी सपाट. पोरं तिथे जुन्या फोर्ड घेऊन वेग मोजायला जायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. तिथल्या एका प्रकारच्या पाइपांना आजही 'लेक पाइप्स' म्हणतात. त्यांच्या टोकाला झाकण असायचं. रस्त्यावर झाकण बंद, म्हणजे धूर सायलेन्सरमधून. तळ्यावर पोचलं की झाकण उघडायचं आणि धूर थेट बाहेर. एकाच गाडीत दोन कॉन्फिगरेशन, म्हणा ना!

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचा धंदा झाला. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक सुरू झालं, १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संस्था काढली. १९५४ मध्ये बॉब हेडमनची कंपनी आली आणि १९६२ मध्ये गॅरी हूकरची. दोन्ही नावं आजही हेडर्सच्या खोक्यांवर छापलेली असतात.

या सगळ्यात पिकअप कुठून आला? तो बिचारा कामाचा गडी. शेतावरचं गवत आणि सुताराची अवजारं वाहायला जन्मलेला. पण १९५५ मध्ये स्मॉल ब्लॉक आला आणि त्याच साली तो शेवरोलेच्या पिकअपमध्येही मिळू लागला. पुढे कितीतरी वर्षं, इंजिन लहान असो की मोठं, हेडवरची एक्झॉस्टची भोकं जवळपास त्याच मापाने राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस गोठवला. त्यामुळे कॉर्व्हेटसाठी जन्मलेली कल्पना सेकंडहँड ट्रकच्या इंजिनावरही बोल्टने कसता येऊ लागली.

बोल्ट बसतात. ट्रक मात्र बसू देत नाही. कारण तिसरं पेडल.

त्या काळच्या सी-१० मध्ये क्लच यांत्रिक जोडणीने चालायचा. पेडल दाबलं की एक दांडा इंजिन आणि चासी यांच्यामध्ये आडव्या बसवलेल्या झेड-बारला फिरवतो, तो दुसऱ्या दांड्याला ढकलतो आणि तो क्लचच्या फोर्कला. ही सगळी वरात डाव्या बाजूने जाते. तिथेच स्टिअरिंग, तिथेच ऑइल फिल्टर, आणि त्याच चिंचोळ्या फटीतून चार लांब नळ्यांना खाली उतरायचंय. बिडाचा मॅनिफोल्ड अंग चोरून इंजिनाला चिकटून बसायचा, म्हणून झेड-बारला जागा होती. म्हणूनच काही हेडर्सवर स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त ऑटोमॅटिकसाठी. मॅन्युअलवाल्यांसमोर तीन रस्ते. झेड-बारला वळसा घालणाऱ्या नळ्यांचे हेडर्स शोधणं, आखूड हेडर्स घेऊन थोडा फायदा सोडणं, किंवा दांडे काढून क्लचच हायड्रॉलिक करणं. पाइप बदलायला गेलो आणि क्लच बदलून आलो, असा प्रकार.

गंमत म्हणजे हेडर्सचा खरा उपयोग मॅन्युअलवाल्यालाच करून घेता येतो. तो मघाचा पट्टा आठवतोय ना? गिअर स्वतःच्या हातात असेल तर इंजिन त्या पट्ट्यात ठेवणंही स्वतःच्या हातात. पण या ट्रकमध्ये बरेचदा स्टिअरिंगच्या खांबावर तीनच गिअर असत. दोन गिअरांमधली उडी मोठी, त्यामुळे गिअर टाकला की इंजिन पट्ट्याबाहेर घसरतं. शिवाय पातळ नळ्या बॉनेटखाली जास्त उष्णता फेकतात, स्टार्टर भाजून निघतो, गॅस्केट गळतात. मॅनिफोल्डमध्ये थंडीत धूर वळवून कार्ब्युरेटरखालचा भाग तापवणारी झडप असायची, तीही गेली. म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळी गाडी खोकत खोकत सुरू होणार. बिडाचा तो ठोकळा डेट्रॉइटच्या इंजिनिअरांचा आळस नव्हता. स्वस्त, टिकाऊ, शांत, आणि क्लचला वाट देणारा. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर होतं. हेडर्सवाल्यांनी प्रश्नच बदलला.

आणि त्याच गावात कोणीतरी तिसराच प्रश्न विचारत होतं. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुरकं इतकं दाटलं की जपानने विषारी वायू सोडला, अशी अफवा उठली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकचे आरी हागेन-स्मिट यांनी कारण शोधलं. (हे गृहस्थ त्याआधी अननसाच्या स्वादावर काम करत होते!) गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र येऊन ओझोन बनवतात, हे त्यांनी दाखवलं. १९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात नव्या कारच्या धुरावर मर्यादा आली, १९६७ मध्ये राज्याचं हवा मंडळ, म्हणजे 'कार्ब', स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट. एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या नळ्या, मग १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अशी एकेक भर पडत गेली. आता तिथे नव्या गाडीला बाहेरचे हेडर्स लावायचे तर त्या हेडर्सना कार्बची मंजुरी लागते.

म्हणजे एकाच खोऱ्यात, एकाच काळात, एकाच पाइपाच्या दोन टोकांशी दोन माणसं उभी होती. एकाला धूर लवकर बाहेर हवा होता. दुसऱ्याला तो आपल्या पोरांच्या छातीत जायला नको होता. मला दोघांपैकी कोणालाच खलनायक ठरवता येत नाही.

शेवटी कॅलिफोर्नियाने एक तडजोड केली. १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांना नियमित धूर-तपासणीतून सूट. अशा गाड्या थोड्या उरल्यात, आणि ज्या आहेत त्यातल्या बऱ्याचशा रविवारीच बाहेर पडतात. म्हणून तो जुना सी-१० हेडर्स लावून आजही गुरगुरत जाऊ शकतो. ही सूट टिकली आहे ती बाकीच्या लाखो गाड्या नियम पाळून चालतात म्हणून. मला वाटतं, त्या ट्रकच्या मालकाने झेड-बारशी झटापट करताना हेही एकदा मनात आणावं. मग पाइप बसला की खुशाल तिसरं पेडल दाबावं आणि निघावं.