दिनविशेष : २८ एप्रिल – बीडच्या महामार्गाचा क्रमांक बदलला

देशातील राष्ट्रीय महामार्गांच्या क्रमांकांची नवी रचना भारत सरकारच्या राजपत्रात २८ एप्रिल २०१० रोजी प्रसिद्ध झाली आणि तीनुसार सोलापूर–धुळे या २११ क्रमांकाच्या महामार्गाचा समावेश पंजाबातील संगरूरपासून कर्नाटकातील अंकोल्यापर्यंत जाणाऱ्या ५२ क्रमांकाच्या महामार्गात झाला. या रचनेत उत्तर-दक्षिण महामार्गांना सम, तर पूर्व-पश्चिम महामार्गांना विषम क्रमांक देण्यात आले. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून मार्गाची दिशा कळू लागली, ही सोय जुन्या पद्धतीत नव्हती.

बीड जिल्ह्यात हा मार्ग उत्तरेकडून, शहागडजवळ गोदावरी ओलांडल्यावर, प्रवेश करतो आणि गेवराई, गढी, बीड, मांजरसुंबा व चौसाळा ही गावे जोडत धाराशिवकडे उतरतो. गढी येथे त्याला कल्याण–निर्मल मार्ग छेदतो, जो पूर्वी २२२ होता व आता ६१ आहे. पाथर्डी आणि माजलगावकडची वाहतूक येथेच फुटते. मांजरसुंब्याला घाट लागतो, तेथूनच केज–अंबाजोगाईचा फाटा निघतो आणि मन्मथस्वामींचे कपिलधार क्षेत्रही जवळच आहे. बिंदुसरा नदीकाठच्या बीड शहरातून जाणारी अवजड वाहतूक मात्र क्रमांक बदलल्याने हटली नाही. त्यासाठी शहराबाहेरून जाणारा वळणरस्ता, म्हणजे बायपास, बांधावा लागला. बोलण्यात हा रस्ता आजही सोलापूर–धुळे महामार्ग म्हणूनच ओळखला जातो.