पगाराऐवजी गाव

शनिवारी जेवण झालं की नकाशा उघडून बसायची माझी जुनी खोड. परवा पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यात, बेलारूसच्या सीमेजवळ, बोहोनिकी नावाचं गाव सापडलं. जवळचं शहर सोकूल्का. वस्ती जेमतेम शंभरेक, भोवती शेतं आणि जंगल. आणि गावात चक्क लाकडी मशीद! मग काय, शनिवार त्यातच गेला.

गोष्ट सुरू होते थकलेल्या पगारापासून. लिथुआनियाच्या राज्यकर्त्यांनी चौदाव्या शतकापासून मुसलमान तातार घोडेस्वार पदरी ठेवले होते. पुढे लिथुआनिया आणि पोलंड यांचं एकच राज्य झालं. १६७२ साली, ऐन तुर्कांशी युद्धाच्या वेळी, थकलेला पगार आणि हिरावलेले हक्क यांना वैतागून यातल्या काही तुकड्या सरळ तुर्कांना जाऊन मिळाल्या. राजा यान सोबिएस्कीला ते परत हवे होते, पण तिजोरीत खडखडाट! मग १६७९ मध्ये त्यानं थकबाकीपोटी जमिनीच देऊन टाकल्या. बोहोनिकी त्यातलंच. आपल्या भाषेत वतनच म्हणा ना. धर्म बदलायची अट नव्हती. आणि चारच वर्षांनी, १६८३ ला, व्हिएन्नाच्या लढाईत तातार सोबिएस्कीच्या बाजूनं तुर्कांविरुद्ध लढले.

पुढे तातार भाषा विसरली, घरात पोलिश आणि बेलारूसी आली. धर्म मात्र टिकला. आत्ताची मशीद एकोणिसाव्या शतकातली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथं लष्करी इस्पितळ थाटलं, तेव्हा तिची बरीच नासधूस झाली. गावाबाहेर टेकाडावर दफनभूमी आहे. तिला 'मिझार' म्हणतात.

खरं तर इथेच थांबणार होतो. पण मिझारबद्दल वाचताना २०२१ पाशी अडकलो. त्या वर्षी बेलारूसमार्गे युरोपात शिरू पाहणारे हजारो लोक याच सीमेवर अडकले, काही जंगलात गारठून मेले. नोव्हेंबरमध्ये बोहोनिकीच्या लोकांनी त्यांच्यातल्या एकाला मिझारमध्ये पुरलं. बुग नदीत बुडालेला १९ वर्षांचा सीरियन मुलगा. घरच्यांनी दफन पाहिलं ते फोनवरून. काही दिवसांनी एक जन्माआधीच गेलेलं बाळ, आईबाप इराकचे.

आणि त्याच दिवसांत हेच गावकरी सीमेवरच्या पोलिश जवानांसाठी सूपही शिजवत होते!

यात विसंगती आहे का? मला तरी नाही वाटत. जमीन राजानं दिली, पण गाव आपलं होतं ते अशानंच. परक्या मुलाला त्यांनी आपल्या माणसांच्या शेजारी जागा दिली. तीसुद्धा त्याच थकलेल्या पगाराच्या जमिनीतली म्हणायची.

असो. चहा पार गार झालाय.