वेणू आणि वेळू

कृष्णाच्या ओठांवरची वेणू आणि गावकुसाबाहेरचा वेळू हे शब्द एकाच बेटातले. संस्कृतात ‘वेणु’ म्हणजे बांबू आणि त्याचा पावाही. पालीत ‘वेळु’ असेही रूप आहे. मराठीने दोन्ही जपली आणि कामे वाटून दिली: झाडाला वेळू, वाद्याला वेणू. बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचे गाव. ‘बासरी’तही बांबूच दडला आहे, कारण ती ‘वंश’ या शब्दातून आली. पेरावर पेर चढवत वाढणाऱ्या बांबूचा हाच शब्द आपण कुळालाही लावतो.

नाट्यशास्त्र फुंकून वाजवायच्या अशा वाद्यांना ‘सुषिर’ म्हणते. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रे असलेले. सनईत पत्ती थरथरते. बासरीत पत्ती नसते. फुंकर छिद्राच्या कडेवर दुभंगते आणि आतली हवा कंप पावते. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. म्हणूनच बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी घडवली आणि लोकवाद्य मानल्या गेलेल्या बासरीला रागसंगीताच्या मैफलीत मानाने बसवले. वेळूचे सारे मोल त्याच्या पोकळीत आहे. वाद्याचे वेळूशी असलेले नाते भाषेने वेणू आणि बासरी या दोन्ही नावांत जपले, याचे मला फार अप्रूप वाटते.